वाचकांचे प्रश्न : जुन्या किंग एअरला नवं काय बसवावं?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर अधूनमधून उतरणाऱ्या दोन इंजिनी टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या) विमानांवर मागच्या अंकात एक टिपण दिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं बीचक्राफ्टच्या किंग एअर २०० आणि बी२०० याच विमानांबद्दल आहेत. २०० चं पहिलं उड्डाण २७ ऑक्टोबर १९७२ चं, बी२०० १९८१ पासूनचं. सांगाडा दणकट, त्यामुळे ही विमानं अजून उडतात आणि त्यांना काय काय नवं बसवायचं याचा बाजारही मोठा आहे. खालचे आकडे नेहमीच्या बी२०० चे आहेत. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा खरा.

प्रश्न : कंपनीसाठी १९८० च्या दशकातलं बी२०० घ्यायचं चाललंय. दोन्ही इंजिनं पीटी६ए-४२, ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) ३,१०० तास चाललेली. विकणारा म्हणतो, पीटी६ए-५२ इंजिनं टाका, विमान ३०० नॉटला (ताशी ३०० सागरी मैल) पळेल. टाकावीत का? — फौंड्री उद्योजक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : आधी एक गैरसमज काढून टाकू. -५२ बसवली म्हणून टेक-ऑफला जादा अश्वशक्ती मिळत नाही. दोन्ही इंजिनं ८५० अश्वशक्तीलाच बांधलेली आहेत. प्रोपेलर मिनिटाला २,००० फेरे आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २,२३० फूट-पाउंड, याचा हिशेब तेवढाच येतो. गिअरबॉक्स त्यापुढे जाऊ देत नाही. फरक पडतो तो ही ८५० किती उष्ण हवेत आणि किती उंचीवर टिकते यात.

म्हणून उजळाईवाडीचा हिशेब मांडू. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. त्या उंचीला मानक तापमान ११ अंश. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला तर फरक २७ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरा, म्हणजे ३,२०० फुटांच्या आसपास. मूळचे २,००० त्यात मिळवा. विमानाच्या दृष्टीने तुम्ही ५,२०० फुटांवरच्या विरळ हवेतून उड्डाण करताय. अशा दुपारी -४२ इंजिन उंबरठ्यावर असतं. धडधाकट असेल तर टॉर्क पूर्ण देईल. थकलेलं असेल तर टॉर्क भरायच्या आतच टर्बाइनमधलं तापमान, म्हणजे आयटीटी, ८०० अंशांच्या लाल रेषेला टेकेल आणि वैमानिकाला लिव्हर तिथेच थांबवावा लागेल. पुस्तिकेत किमान टेक-ऑफ शक्तीचा तक्ता असतो. त्या तापमानाला आणि उंचीला तक्त्यातला टॉर्क मिळतो का, हे खरेदीआधी भर दुपारी बघा. सकाळी सात वाजता सगळीच इंजिनं चांगली असतात.

आता वेगाचं. -५२ चा खरा फायदा २५ ते २८ हजार फुटांवर आहे. तिथे -४२ चा दम तापमानामुळे कमी होतो, -५२ बराच टिकवून धरतं. वेगात ३० नॉटचा फरक धरू. कोल्हापूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १६७ सागरी मैल. २७० नॉटने ३७ मिनिटं, ३०० ने ३३. त्यातही चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणजे हाती आली जेमतेम दोन-तीन मिनिटं. मुंबईवर एकदा घिरट्या घालायला लावलं की तीही गेली. दिल्ली सुमारे ७३० मैल, तिथे पाव तास वाचतो. तुमच्या फेऱ्या मुंबई-पुण्याच्याच असतील तर वेगासाठी इंजिन बदलणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीला शर्यतीचं इंजिन. शिवाय २५९ नॉटची कमाल दर्शक वेगमर्यादा (वेगदर्शकावरची, उंचावरच्या विरळ हवेत तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो) सांगाड्याची आहे, ती बदलत नाही. खाली उतरताना नव्या इंजिनाचे लिव्हर मागेच ओढून ठेवावे लागतात.

मग कधी टाकावीत? जुन्या इंजिनांचा ओव्हरहॉल तोंडावर आला असेल तेव्हा. पीटी६ए-४२ चा ओव्हरहॉल ३,६०० तासांना आणि हॉट सेक्शनची, म्हणजे दहनकक्ष-टर्बाइनच्या तापणाऱ्या भागाची, तपासणी १,८०० तासांना येते. तुमच्याकडे ५०० तास शिल्लक आहेत, वर्षाला २५० तास उडलात तर दोन वर्षं. दोन ओव्हरहॉलचा खर्च समोर उभा असताना त्यात भर घालून नवी इंजिनं घेणं हिशेबात बसतं. नवी बसवणारे जुनी इंजिनं परत घेतात आणि उरलेल्या तासांचे काही पैसे वळते करतात. आज बदललीत तर ५०० तासांची किंमत त्यांनी ठरवायची. ती तुम्हीच उडून वसूल करा, आणि मागणी मात्र वर्षभर आधी नोंदवा.

आणखी एक गोष्ट, तासांपेक्षा महत्त्वाची. फिरणाऱ्या चकत्यांचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात, सुरू-बंदच्या फेऱ्यांत. कोल्हापूर-मुंबईसारख्या आखूड उड्डाणांत तास कमी आणि सायकली जास्त खर्च होतात. विकणाऱ्याकडून चकत्यांचा तक्ता मागा. तास ५०० उरलेत, पण कॉम्प्रेसर टर्बाइनच्या चकतीच्या सायकली संपत आल्यात, असं निघालं तर किमतीची बोलणी पुन्हा पहिल्यापासून. बरोबरीने इंधनाच्या नोझलच्या भोकांतून बोरस्कोप, म्हणजे आत बघायची बारीक दुर्बीण, घालून पात्यांची टोकं, व्हेन रिंग आणि दहनकक्षाला गेलेल्या भेगा बघून घ्या. हे दिवसभराचं काम आहे. नको म्हणणाऱ्याकडून विमान घेऊ नये.

प्रश्न : आमच्या सहवीज प्रकल्पात टर्बाइनच्या पात्यांवर क्षार बसले की त्याच विजेला वाफ जास्त लागते. विमानाच्या इंजिनाचंही असंच होतं का? मग बदलण्याऐवजी धुऊन भागतं का? — साखर कारखान्यातील वाचक, कागल

उत्तर : अगदी असंच होतं, आणि बरेचदा धुऊन भागतं. पण मळ कुठे आहे ते आधी ओळखावं लागतं. एकाच उंचीवर, एकाच टॉर्कला तीन आकडे रोज टिपा : आयटीटी, गॅस जनरेटरचे (कॉम्प्रेसर आणि त्याच्या टर्बाइनचे) फेरे म्हणजे एनजी, आणि इंधनप्रवाह. तिन्ही हळूहळू वर सरकत असतील तर कॉम्प्रेसर मळला किंवा झिजला. आयटीटी आणि इंधन वर, पण एनजी खाली, तर दुखणं हॉट सेक्शनमध्ये : टर्बाइनची पाती, सील, व्हेन. तिथे पाण्याचा उपयोग नाही. आणि तिन्हींपैकी एकच आकडा उडी मारत असेल तर आधी गेज तपासा, इंजिन नव्हे. तापमानाच्या तारेचा सैल जोड सापडायच्या आधी इंजिन उघडलं गेल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत.

कॉम्प्रेसर धुण्याची पद्धत अशी. इंजिन बंद करून किमान ४० मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर काय होतं, ते कारखान्यात वेगळं सांगायला नको. इग्निशनचा ब्रेकर ओढा, इंधन बंद, केबिनला जाणारी हवा बंद. इंधन नियंत्रकाकडे जाणारी पी-३, म्हणजे कॉम्प्रेसरमधल्या दाबलेल्या, हवेची नळी सोडून तिचं तोंड झाका. इथे पाणी शिरलं तर पुढच्या उड्डाणात इंजिन लिव्हरचं ऐकत नाही. मग स्टार्टरवर इंजिन नुसतं फिरवत, मागच्या हवातोंडाजवळच्या धुण्याच्या कड्यातून ३० ते ५० पीएसआय दाबाने द्रव सोडायचा. नुसते क्षार काढायचे तर शुद्ध पाणी पुरतं. तेलकट काजळी असेल तर मान्य केलेलं रसायन. ते पाव ते अर्धा तास मुरू द्यायचं आणि नंतर दोनदा नुसत्या शुद्ध पाण्याने खळखळून काढायचं.

पाणी डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, हवं. बोअरचं पाणी मारलंत तर क्षार काढायला गेलात आणि क्षार चढवून आलात.

स्टार्टरची मर्यादा पाळा : ४० सेकंद चालू, ६० बंद, पुन्हा ४० चालू, ६० बंद, तिसऱ्यांदा ४० चालू, की अर्धा तास विश्रांती. धुताना बाहेरची वीज जोडा, व्होल्टेज २८.० ते २८.४. बॅटरीवर धुतलंत तर लगेच नंतरच्या स्टार्टला ती दम टाकेल. आणि शेवटचा टप्पा, जो संध्याकाळच्या घाईत राहतो : सगळ्या नळ्या जोडून इंजिन चालवून ते पूर्ण कोरडं करायचं. 'उद्या सकाळी बघू' म्हणून ओलं ठेवलेलं इंजिन जुलैच्या हवेत रात्रभरात गंजायला लागतं. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यातून येणं-जाणं असेल तर दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर शुद्ध पाण्याची धुलाई परवडते.

प्रश्न : तीन पात्यांचा प्रोपेलर काढून चार-पाच पात्यांचा बसवतात. पाती वाढवून काय मिळतं? आणि असली पाती, बुशिंग आमच्या सीएनसीवर निघणार नाहीत का? — वर्कशॉप चालक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : पहिलं मिळतं ते शांतता. पाती वाढली की तीच ताकद लहान व्यासात वाटली जाते. टोकं आवाजाच्या वेगापासून लांब राहतात आणि केबिनच्या भिंतीपासूनही. किंग एअरमध्ये प्रवासी नेमका प्रोपेलरच्या पट्ट्यात बसलेला असतो, त्याला हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. व्यास घटला की जमिनीपासून अंतर वाढतं, खडी कमी उडते. टेक-ऑफची धाव थोडी आखूड होते. कार्बन किंवा लाकडी गाभ्याची संमिश्र पाती घेतली तर नाकाकडचं वजनही उतरतं. हार्टझेल आणि एमटी या दोन प्रोपेलर कंपन्यांचे संच या विमानाला मिळतात. आमचं मत विचाराल तर पैसे मोजके असतील तेव्हा इंजिनाआधी प्रोपेलर.

बसवताना काय चुकतं? तीन पात्यांवर जमिनीवरचा लो आयडल, म्हणजे इंजिनाची सर्वांत मंद चाल, ५६ टक्के एनजीला असतो. चार पात्यांवर तो साधारण ६१ ला न्यावा लागतो. तो तसाच ठेवला तर प्रोपेलर उभ्याने वर्ज्य फेऱ्यांच्या पट्ट्यात घुमतो, कंपनं वाढतात आणि हबला ताण पोचतो. दुसरं, बसवल्यावर इंजिन चालवून डायनॅमिक बॅलन्स करायचंच. सेकंदाला ०.२ इंचापर्यंतचं कंपन चालतं म्हणतात. चांगला तंत्रज्ञ ०.०७ च्या खाली आणल्याशिवाय यंत्र आवरत नाही. तिसरं, रिव्हर्स (उतरल्यावर पाती उलटी वळवून रोखणं) आणि ऑटोफेदर (इंजिन बंद पडलं की पाती आपोआप वाऱ्याला कडेने वळणं) यांची पुन्हा जुळणी. दोन्ही प्रोपेलर सारखे रिव्हर्समध्ये जात नसतील तर उतरल्यावर विमान एका बाजूला ओढ घेतं.

आता सीएनसीचं. निघतील, नक्की निघतील, पण विमानात लागणार नाहीत. अडचण मापात नाही. उद्यमनगरात मायक्रॉनचं काम रोज होतं. अडचण कागदात आहे : धातूच्या वितळणीपासूनचा माग, उष्णोपचाराचा तक्ता, मान्यताप्राप्त रचना, आणि हे सगळं तपासून दिलेलं सुटकेचं प्रमाणपत्र. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या सीएआर-२१ या नियमावलीखाली उत्पादनाची मान्यता घेतली तर दार उघडं आहे. पण एखाद-दुसऱ्या बुशिंगसाठी तो खटाटोप परवडायचा नाही.

तुमच्यासाठी काम आहे ते जमिनीवरच्या साहित्यात. चढायचे स्टँड, प्रोपेलर उतरवायच्या फ्रेम, टो-बार. टो-बारमध्ये एक खुबी ध्यानात घ्या. किंग एअरच्या पुढच्या चाकाला वळणाची मर्यादा असते, तिच्या खुणा पायावर रंगवलेल्या असतात. ट्रॅक्टरवाल्याने त्यापलीकडे वळवलं तर स्टिअरिंगचे थांबे तुटतात, कधी पायच मोडतो. म्हणून टो-बारला ताण आला की आधी तुटेल अशी शिअर पिन हवी. ती 'परत परत मोडते म्हणून' कुणी हाय-टेन्साइल बोल्ट घातला, की पुढचा खर्च चाकाच्या पायाचा. पिन वरचेवर मोडतेय म्हणजे चालवणारा बदला, पिन नको.

प्रश्न : कॉकपिटमधली जुनी काट्यांची घड्याळं काढून काचेचे पडदे बसवणं ही चैन की गरज? — विमान देखभाल अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : आता गरजेकडेच झुकतंय. त्या घड्याळांमागच्या जुन्या जायरोंची (फिरत्या चाकाने विमानाचा कल दाखवणाऱ्या यंत्रांची) दुरुस्ती करणारे कमी झाले, सुटे भाग मिळेनासे झाले. बी२०० साठी गार्मिन जी१००० एनएक्सआय हा सर्वांत रुळलेला पर्याय : तीन पडदे, नवा ऑटोपायलट, आणि जुन्या पेट्या-तारा निघाल्याने वजनातही घट.

भारतात दोन मुद्दे विशेष. २९,००० फुटांपासून वर विमानांमधलं उभं अंतर १,००० फुटांवर आणलेलं आहे, म्हणजे आरव्हीएसएम. आपल्याकडे ते २००३ च्या नोव्हेंबरात आलं. ती मान्यता नसलेलं बी२०० पुस्तिकेत ३५,००० फूट लिहिलेलं असूनही २८,००० वरच अडकतं. दुसरा मुद्दा गगन, म्हणजे आपली उपग्रह-सुधारणा प्रणाली. खाली आयएलएसची, म्हणजे रेडिओ लहरींनी विमान उतरवून घेणारी, यंत्रणा नसली तरी विमानातल्या पडद्यावर उंचीचं मार्गदर्शन देणारा एलपीव्ही अ‍ॅप्रोच गगनवर चालतो. २८ एप्रिल २०२२ ला किशनगडला एटीआर विमानाने त्याची पहिली चाचणी केली. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांना गगनचं उपकरण बंधनकारक केलं आहे, म्हणजे परदेशातून जुनं विमान आणणाऱ्यालाही हा खर्च धरावाच लागतो. अर्थात विमानात उपकरण असून भागत नाही, त्या त्या विमानतळासाठी तसा अ‍ॅप्रोच प्रसिद्ध झालेला असावा लागतो.

तू विद्यार्थी आहेस म्हणून कामाची गोष्ट : बसवण्यातले निम्मे दोष अर्थिंगमधून येतात. रंग खरवडून लखलखीत न केलेल्या पत्र्यावर अर्थचा जोड घट्ट केला, की पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळं ठीक, नंतर पडद्यावर लाल फुल्या येऊन जाऊ लागतात. पेट्या बदलत बसू नकोस. मिलिओममीटर घेऊन जोड मोज. आणि नाकातल्या जड पेट्या निघाल्या की रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. कागदावरच्या बेरीज-वजाबाकीवर न थांबता विमान काट्यावर घेऊन प्रत्यक्ष वजन करा. वर्षानुवर्षांचा रंग, गालिचे, विसरलेल्या तारा यांचे कैक किलो तेव्हाच उघड होतात.

प्रश्न : आम्ही बघत असलेल्या विमानाला विंगलेट, मागच्या पोटाखालचे दोन स्थिर पंख (फिन) आणि इंजिनामागचे सामानाचे कप्पे अमेरिकेतच बसवलेत. दलाल म्हणतो कागद पूर्ण आहेत. 'पूर्ण' म्हणजे काय काय बघायचं? — कंपनीचे हिशेब पाहणारी वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : प्रत्येक बदलामागे एक पूरक टाइप सर्टिफिकेट असतं, त्याला एसटीसी म्हणतात. एकेका बदलासाठी पाच गोष्टींवर खूण करा. एसटीसीची प्रत, आणि ती याच अनुक्रमांकाच्या विमानावर वापरायची धारकाची लेखी परवानगी. अमेरिकेतला ३३७ क्रमांकाचा फॉर्म (मोठ्या बदलांची नोंद), सहीसकट. उड्डाण पुस्तिकेत घालायचं पुरवणीचं पान. पुढच्या देखभालीच्या सूचना. वजनाच्या तक्त्यातली नोंद.

सर्वांत जास्त वेळा हरवलेलं असतं ते पुरवणीचं पान. ते चार-सहा पानांचं बाड, पण त्याच्याशिवाय वैमानिकाला नव्या मर्यादा कायद्याने माहीतच नसतात आणि डीजीसीएच्या तपासणीत विमान तिथेच अडतं.

आणि एक प्रश्न दलालाला विचाराच : हे बदल एकमेकांबरोबर चालतात का? प्रत्येक एसटीसी मूळ विमान गृहीत धरून मंजूर झालेली असते. विंगलेटने पंखाच्या टोकाला ताण वाढतो, कप्प्यांनी इंजिनामागे वजन येतं. दोन्ही एकत्र असताना कुणी हिशेब केलाय का, याचं लेखी उत्तर हवं. उपयोगाचं म्हणाल तर कप्पे झकास, लांब बॅगा आणि ओलं सामान केबिनबाहेर जातं. पोटाखालचे पंख शेपटीचं डोलणं कमी करतात. विंगलेट उंचावरच्या लांब उड्डाणात पैसे फेडतात, मुंबई फेरीत दिसतात छान.

प्रश्न : निकेल-कॅडमियम बॅटरी काढून लेड-अ‍ॅसिड टाकावी का? — वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हो. निकेल-कॅडमियम स्टार्टला जोरकस, पण तापली की स्वतःलाच आणखी तापवत नेते, आणि तिची खोल सफाई करणारं दुकान जवळ लागतं. सीलबंद लेड-अ‍ॅसिडचं हे झंझट नाही. मात्र ती हळूहळू मरते आणि सांगत नाही. स्टार्टआधी २३ व्होल्टच्या खाली दिसली तर बाहेरची वीज लावा. मेलेल्या बॅटरीवर स्टार्ट केलं की एनजी १२ टक्क्यांपर्यंत नीट पोचत नाही, हवा कमी, इंधन तेवढंच, आणि आयटीटी १,००० अंशांकडे धावते. ती मर्यादाही फक्त ५ सेकंदांची. बॅटरीत वाचवलेले पैसे हॉट सेक्शनमध्ये जातात.

प्रश्न : उभ्या विमानाच्या प्रोपेलरला लाल पट्टा बांधतात तो कशाला? चोरीला जातो का? — इयत्ता नववी, शाहूपुरी

उत्तर : चोर नाही, वारा! पीटी६ इंजिनात प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन आणि कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन वेगवेगळे असतात, मध्ये दांडा नाही, फक्त गरम वायूचा झोत. म्हणून प्रोपेलर बोटाने ढकलला तरी फिरतो, आणि वाऱ्याने तर फिरतोच. पण इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो, मग आतली बेअरिंग कोरडी घासत राहतात. पट्टा प्रोपेलर धरून ठेवतो. त्याचं दुसरं टोक बहुधा धुराड्याच्या झाकणाला जोडलेलं असतं, म्हणजे एक काढलं की दुसरंही निघावं.

पट्टा न सोडता स्टार्ट केलं तर इंजिन मजेत पेटतं, कारण कॉम्प्रेसर मोकळाच असतो. प्रोपेलर मात्र हलत नाही. मग एकतर पट्टा तुटून पात्यात गुंडाळतो, नाहीतर झाकण धुराड्यात जळतं. म्हणून वैमानिक चढण्याआधी विमानाभोवती फेरी मारताना प्रत्येक प्रोपेलरचं एक पातं हाताने फिरवून बघतो. पुढच्या वेळी कुंपणापलीकडून बघशील तेव्हा त्याचा हात बघ.